अकरा ओळींचं पॅकेज आणि अडीच तासांची कोंडी

२२ मार्च २०१६, मंगळवार. कॅलिफोर्नियात दुपारचे अडीच वाजून गेले होते, आपल्याकडे बुधवार उजाडायचा होता, पहाटेचे तीन. त्या सुमाराला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतल्या जगभरच्या प्रकल्पांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करण्याची कामं, एकामागून एक कोसळू लागले. कुणी कोड बदलला नव्हता, सर्व्हर ठणठणीत होते, नेट चालू होतं. टर्मिनलवर लाल अक्षरांत एवढंच येत होतं: ४०४, 'लेफ्ट-पॅड' हे पॅकेज एनपीएमच्या रजिस्ट्रीत नाही. पॅकेज म्हणजे इतरांनी वापरावा म्हणून दिलेला तयार कोड, आणि एनपीएमची रजिस्ट्री म्हणजे जावास्क्रिप्टची अशी पॅकेजं जिथून उतरवतात ते भांडार.

ज्यांचे बिल्ड पडले त्यांतल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅड हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. त्यांनी ते कधी मागवलं नव्हतं. त्यांनी मागवलं होतं दुसरंच काहीतरी, त्याला हवं होतं तिसरं, आणि त्या साखळीच्या टोकाला हे अकरा ओळींचं पॅकेज बसलेलं होतं.

आपल्याकडे ज्यांची रात्रपाळी होती, अमेरिकेतल्या ग्राहकासाठी जे त्या वेळी डिप्लॉय करत, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवत, बसले होते, त्यांनी हे डोळ्यांनी बघितलं. सकाळी दहाला ऑफिसात आलेल्यांना काहीच दिसलं नाही, कारण आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे पाच पंचवीसला सगळं पूर्ववत झालं होतं. होळीचा आठवडा होता, निम्मी टीम सुट्टीवर. म्हणून हे प्रकरण आपल्यातल्या पुष्कळांना ऐकीवच माहीत आहे, आणि ऐकीव गोष्टीतून नेमके महत्त्वाचे तपशील गळून जातात. उरतं एवढंच की 'पोरांना अकरा ओळी लिहिता येत नाहीत म्हणून इंटरनेट पडलं'. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना मी नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली, शिकवतो तेव्हा हे वाक्य हमखास कानावर येतं, आणि दर वेळी मला वाटतं की मूळ दुखणं दुसरीकडेच होतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून मांडतो.

त्या अकरा ओळींत काय होतं

लेफ्ट-पॅडचं काम समजायला एक पावती पुरते. पावतीवर ४७ हा क्रमांक नुसता छापत नाहीत, ००००४७ असा छापतात, म्हणजे सगळ्या पावत्यांचे क्रमांक सारख्याच लांबीचे दिसतात. किराणा दुकानदार वहीत रकमा लिहितो तेव्हा एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक येईल अशा बेताने डावीकडे जागा सोडतो, नाहीतर बेरीज चुकते. कॉम्प्युटरला हेच सांगायचं झालं तर: हा मजकूर घे, एकूण एवढी लांबी हवी, जितकी कमी पडेल तितकी डावीकडून अमुक चिन्हाने भरून काढ.

कोड तसाच सरळ आहे. हातात जे येईल त्याचा आधी मजकूर करून घ्यायचा. भरायचं चिन्ह कुणी दिलं नसेल तर कोरी जागा धरायची. हव्या त्या लांबीतून मजकुराची लांबी वजा करायची, म्हणजे किती चिन्हं कमी पडतात ते कळतं. तेवढे फेरे मारायचे, दर फेऱ्याला डावीकडे एक चिन्ह जोडायचं, आणि तयार झालेला मजकूर परत द्यायचा.

यातल्या एका ओळीपाशी मी शिकवताना मुद्दाम थांबतो. चिन्ह दिलंय की नाही हे तपासताना लेखकाने एक पुरवणी जोडली आहे: 'आणि ते शून्यही नसेल, तरच'. जावास्क्रिप्टमध्ये अशा तपासणीत शून्य हा आकडा 'काहीच दिलेलं नाही' यात जमा होतो. ती पुरवणी नसती तर पावती क्रमांकासाठी कुणी शून्य दिलं असतं, कोडने ते न दिल्यासारखं मानलं असतं आणि ००००४७ च्या जागी चार मोकळ्या जागा आणि ४७ छापलं गेलं असतं. 'पाच मिनिटांत लिहितो' म्हणणाऱ्यांना मी ते खरोखर लिहायला लावतो. बरेच जण नेमके याच खड्ड्यात पडतात. तयार लायब्ररी घ्यायची ती यासाठी. तिथे कुणीतरी आधीच ठेच खाल्लेली असते.

आणि ज्या ठेचा कुणी खाल्लेल्या नसतात त्या आपल्या वाट्याला येतात. एकदा जिल्ह्यांच्या नावांचा तक्ता टर्मिनलवर छापायचा होता, नावं उजव्या बाजूला एका रेषेत हवी होती. रोमन लिपीत तक्ता सुतासारखा सरळ आला. देवनागरीत टाकला आणि सगळं वाकडं. 'बीड' आणि 'पुणे', दोन्ही डोळ्यांना दोन अक्षरी. पण जावास्क्रिप्ट लांबी मोजते ती युनिकोडच्या सुट्या घटकांत. बीड म्हणजे ब, दीर्घ ईकार, ड: झाले तीन. पुणे म्हणजे प, उकार, ण, एकार: झाले चार. लांबी दहा मागितली की बीडच्या डावीकडे सात मोकळ्या जागा लागतात आणि पुण्याच्या डावीकडे सहा. 'महाराष्ट्र' या चार अक्षरांची लांबी तर भरते थेट दहा, म्हणजे त्याला एकही जागा मिळत नाही. लेफ्ट-पॅडमध्ये याचा विचार नव्हता. पुढे भाषेतच आलेल्या सोयीतही तो नाही, अक्षरं मोजायला वेगळी व्यवस्था वापरावी लागते. हे सांगण्याचं कारण एवढंच की अकरा ओळींचं काम क्षुल्लक दिसतं ते त्या कामात हात घालेपर्यंतच.

इतकं छोटं पॅकेज जन्मालाच का आलं

पायथॉनमध्ये डावीकडे भरण्याची सोय भाषेतच आहे, पीएचपीमध्येही आहे. जावास्क्रिप्टमध्ये ती तेव्हा नव्हती. ही भाषा ब्रेंडन आइखने १९९५ साली नेटस्केप ब्राउझरसाठी दहा दिवसांत उभी केली. वेबपानावर किरकोळ हालचाल करता यावी एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती, त्यामुळे सोबतची शिदोरी तुटपुंजी राहिली. २००९ मध्ये रायन डालने नोड आणलं आणि हीच भाषा सर्व्हरवर जाऊन बसली. २०१० मध्ये आयझॅक श्ल्यूटरने एनपीएम आणलं. भाषेने जे दिलं नव्हतं ते लोक एकमेकांना देऊ लागले.

एनपीएमची एक करामत इथे समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बऱ्याच भाषांमध्ये तुम्ही दोन लायब्रऱ्या घेतल्या आणि त्या दोघींना तिसऱ्याच एका लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन हवी असली की भांडण जुंपतं. म्हणून तिथले लेखक डिपेंडन्सी, म्हणजे आपला कोड ज्यावर अवलंबून राहील असं दुसऱ्याचं पॅकेज, जोडताना हात आखडता घेतात. एनपीएमने हे भांडणच मिटवलं: ज्याला जे व्हर्जन हवं ते त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, दोन व्हर्जन शेजारी शेजारी सुखाने नांदतात. डिपेंडन्सी जोडायची भीती गेली आणि साखळ्या लांबच लांब झाल्या. शिवाय ब्राउझरमधला कोड वापरणाऱ्याच्या फोनवर उतरतो. एका कामासाठी पन्नास कामांची अवजड लायब्ररी पाठवण्यापेक्षा त्या एका कामाचं चिमुकलं पॅकेज बरं, हा हिशेबही त्यात होता. याला आळस म्हणणं मला पटत नाही. ज्या अडचणी समोर होत्या त्यांवर शोधलेला तो रास्त तोडगा होता, फक्त त्याची किंमत कुणी मोजून पाहिली नव्हती.

त्या पहाटेनंतर आम्ही आमचाच एक जुना प्रकल्प उघडून बघितला. आम्ही स्वतः लिहिलेल्या यादीत वीसेक नावं होती. फोल्डरात उतरलेली पॅकेजं मात्र कित्येक शेकडा. ती कुणी लिहिली, कोण सांभाळतं, त्यांतल्या किती जणांना आपण ओळखतो, असं एकेक विचारत गेलो. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

भांडण एका नावावरून

लेफ्ट-पॅडचा लेखक अझेर कोचुलू, मूळचा तुर्कस्तानचा, तेव्हा कॅलिफोर्नियात राहणारा. एनपीएमवर त्याची शेकडो पॅकेजं होती. त्यांतल्या एकाचं नाव होतं 'किक', नवा प्रकल्प सुरू करताना सांगाडा तयार करून देणारं. लेफ्ट-पॅडशी त्याचा काही संबंध नव्हता.

किक याच नावाची कॅनडातली एक मेसेजिंग कंपनी होती आणि तिला त्याच नावाने स्वतःचं पॅकेज प्रसिद्ध करायचं होतं. ११ मार्चला कंपनीच्या ट्रेडमार्क बघणाऱ्या माणसाने अझेरला ईमेल केला: नाव बदलता का. अझेरने नकार दिला. पुढच्या ईमेलमध्ये ट्रेडमार्कचा आणि वकिलांचा उल्लेख आला, अझेरचा पारा चढला, शब्दाला शब्द वाढला. ही पत्रं नंतर कंपनीने स्वतःच प्रसिद्ध केली. ती वाचताना वाईट वाटतं. दोन्ही बाजूंना थोडा धीर असता तर दोन दिवसांत मिटण्यासारखं होतं.

कंपनीने मग एनपीएमकडे दाद मागितली. १८ मार्चला एनपीएमने नाव कंपनीला देण्याचं मान्य केलं. इथे एक बारकावा आहे जो सांगोवांगीत हरवतो. एनपीएमच्या म्हणण्याप्रमाणे हा निर्णय ट्रेडमार्कच्या धाकाने घेतलेला नव्हता. त्यांच्या नियमात प्रश्न वेगळा होता: हे नाव टाइप करणाऱ्या बहुतेक माणसांना काय मिळण्याची अपेक्षा असेल? त्यांच्या मते उत्तर मेसेजिंग कंपनी हे होतं. त्याच नियमानुसार अझेरच्या किकची जुनी व्हर्जन रजिस्ट्रीत तशीच राहणार होती आणि नव्या मालकाला नवा मोठा व्हर्जन क्रमांक घेऊन पुढे जायचं होतं. म्हणजे जुनं वापरणाऱ्याचं काही मोडणार नव्हतं.

नियम म्हणून तो समंजस आहे. पण अझेरच्या जागी बसून बघा. वर्षानुवर्षं फुकट काम करून तुम्ही शेकडो पॅकेजं दिलीत, ज्या जागी ठेवलीत ती जागा एका खासगी कंपनीची निघाली, आणि तुमच्या संमतीशिवाय तुमचं नाव दुसऱ्या कंपनीला गेलं. ही जागा सर्वांची नसून कुणाच्या तरी खासगी मालकीची आहे, हे या प्रसंगातून कळलं, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. त्याची ती खंत मला खरी वाटते. २० मार्चला त्याने आपली सगळी पॅकेजं काढून टाकण्याची विनंती केली, आणि ते कसं करायचं हे एनपीएमनेच त्याला कळवलं. २२ मार्चला त्याने ते केलं. किक धरून एकूण २७३ पॅकेजं.

नाव या गोष्टीवरून इतकं रामायण का घडावं, याचं उत्तर रजिस्ट्रीच्या रचनेत आहे. एनपीएममध्ये तेव्हा बहुतेक पॅकेजं एकेरी नावाने होती, जो आधी येईल त्याचं. गावात एकाच नावाची दोन माणसं असली की आपण आडनाव लावतो, वडिलांचं नाव लावतो. जावा या वेगळ्या भाषेच्या मेव्हन भांडारात पहिल्यापासून तसं आहे, पॅकेजच्या नावाआधी संस्थेची ओळख लागते, ती बहुधा तिच्या वेबपत्त्यावरून घेतलेली. तिथे अझेरचं किक आणि कंपनीचं किक दोन्ही बिनतक्रार राहिले असते. एनपीएममध्येही मालकाचं नाव पुढे लावायची सोय २०१४ पासून होती, पण ती लोकांच्या अंगवळणी पडली नव्हती. नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांना कळेल असं करून देणाऱ्या बेबलसारख्या मोठ्या प्रकल्पाने आपली सगळी पॅकेजं अशा आडनावाखाली आणली ती २०१८ मध्ये, सातव्या आवृत्तीच्या वेळी.

ते अडीच तास

२७३ पॅकेजं गेली आणि त्यांत लेफ्ट-पॅड होतं. आदल्या महिन्याभरात ते २४,८६,६९६ वेळा उतरवलं गेलं होतं. एनपीएमच्या सर्व्हरवर मिनिटाला शेकडो अपयशी मागण्या दिसू लागल्या.

दहा मिनिटांच्या आत एका डेव्हलपरने तोच कोड त्याच नावाने पुन्हा चढवला. कोड ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरायला खुला होता, नाव मोकळं पडलेलं होतं, त्यामुळे त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती. इथेच प्रकरण मिटायला हवं होतं. मिटलं नाही, आणि ते का मिटलं नाही हा माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे.

एनपीएमचा एक नियम होता: एखादं व्हर्जन काढून टाकलं तरी तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. नियम अगदी योग्य. आज ज्याला ०.०.३ म्हणतात तोच उद्याही ०.०.३ असला पाहिजे, नाहीतर त्या क्रमांकावर कुणी विसंबावं कसं? पण म्हणूनच नव्याने आलेल्या लेफ्ट-पॅडला १.०.० हा क्रमांक घ्यावा लागला. इकडे बेबल आणि ॲटम एडिटर यांच्या साखळीत 'लाइन-नंबर्स' नावाचं एक मधलं पॅकेज होतं, त्रुटी दाखवताना ओळींचे क्रमांक छापणारं. ते क्रमांक उजवीकडे एका रेषेत यावेत म्हणून त्याला लेफ्ट-पॅड लागायचं, आणि त्याच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं होतं: ०.०.३ पाहिजे. १.०.० समोर उभं होतं, आतला कोड तोच होता, पण यंत्राने यादीत लिहिलेलं मागितलं आणि ते नव्हतं.

आता लाइन-नंबर्सच्या लेखकाने यादी बदलून नवं व्हर्जन काढायचं, ते वापरणाऱ्याने आपलं काढायचं, मग बेबलने, मग बेबल वापरणाऱ्या सगळ्यांनी. ज्यांनी बेबलचं जुनं व्हर्जन पक्कं धरून ठेवलं होतं त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती कधीच पोचली नसती. यात एक क्रूर गोष्ट आहे. ज्यांनी काटेकोरपणे नेमकं व्हर्जन लिहून ठेवलं होतं, तेच अडकले.

शेवटी एनपीएमचे तंत्रप्रमुख लॉरी व्हॉस आणि मंडळींनी पूर्वी कधीच न केलेली गोष्ट केली. जुन्या बॅकअपमधून मूळचं ०.०.३ बाहेर काढून पुन्हा जागेवर ठेवलं. तिथल्या चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी तसं जाहीर केलं आणि चार पंचावन्नला काम पुरं झालं. पन्नास मिनिटं लागली, कारण 'काढलेलं परत ठेवणं' अशी सोयच व्यवस्थेत नव्हती.

त्या रात्री लेखकाच्या इच्छेविरुद्ध त्याचं पॅकेज परत आणलं, यावर वाद झाला. माझं मत स्पष्ट आहे: परत आणायला हवंच होतं. अझेरने तो कोड ज्या परवान्याखाली दिला होता त्यात कुणालाही काहीही करायची मोकळीक होती. नाव मागे घेणं, पुढची देखभाल थांबवणं, निघून जाणं हे सगळे लेखकाचे अधिकार आहेत आणि ते कुणी हिरावून घेऊ नयेत. पण एकदा दिलेली प्रत, जिच्यावर हजारो जणांनी काम उभं केलं, ती प्रत परत मागण्याचा अधिकार त्यात येत नाही. त्याच वेळी हेही म्हणायला हवं की ज्या कळीने ही सगळी पॅकेजं एका झटक्यात गेली ती कळ एनपीएमने बनवली होती. पॅकेज काढण्याची आज्ञा देताना 'यावर किती जण अवलंबून आहेत' असा प्रश्नही व्यवस्थेने विचारला नाही. एका माणसाच्या रागावर इतकं काही टांगलेलं असणं हा रचनेचा दोष होता.

मोकळी पडलेली नावं

बिल्ड पडले हे दिसलं. जे दिसलं नाही ते जास्त घातक होतं. अझेरची २७३ नावं एकाच वेळी मोकळी पडली होती आणि कुणीही ती उचलू शकत होतं. लेफ्ट-पॅड उचलणारा भला माणूस निघाला. पण एनपीएमवरचं पॅकेज इन्स्टॉल होताना स्वतःची स्क्रिप्ट चालवू शकतं, तुमच्या मशीनवर, तुमच्या परवानगीने. एखाद्या दुष्टाने त्यातलं एखादं नाव घेतलं असतं आणि ज्यांच्या यादीत 'हे किंवा याहून नवं' असं लिहिलं आहे, त्यांच्यापर्यंत त्याचा कोड आपोआप पोचला असता. बिल्ड हिरवा दिसला असता आणि आत चोर शिरला असता.

ही भीती कल्पनेतली नव्हती. २०१८ च्या शरद ऋतूत इव्हेंट-स्ट्रीम या खूप वापरल्या जाणाऱ्या पॅकेजच्या बाबतीत जवळपास हेच झालं. मूळ लेखकाला ते सांभाळायला वेळ नव्हता, एका अनोळखी माणसाने मदतीची तयारी दाखवली, लेखकाने विश्वासाने सूत्रं दिली. त्या माणसाने एक नवी डिपेंडन्सी जोडली आणि तिच्यात कोपे या बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवून लिहिलेला कोड लपवला. पॅकेजवर कुणाची किती भिस्त आहे आणि ते सांभाळणारा माणूस किती थकलाय, या दोन गोष्टींचा मेळ कुणीच बघत नाही, हे लेफ्ट-पॅडनंतरही तसंच राहिलं होतं.

काय बदललं

एका आठवड्यात, २९ मार्चला, एनपीएमने नियम बदलला. पॅकेज चोवीस तासांच्या आतलं असेल तर लेखकाला काढता येईल, त्यानंतर नाही. नंतर विनंती करावी लागेल, आणि दुसऱ्यांचं काही मोडणार असेल तर ते निघणार नाही. सगळीच व्हर्जन निघाली तर त्या जागी रिकामं राखणदार पॅकेज बसेल, म्हणजे नाव उघड्यावर पडणार नाही. पुढे ही मुदत बहात्तर तासांची झाली. त्यानंतर काढायचं तर त्यावर कुणी अवलंबून नसावं, आठवड्याचे डाउनलोड तीनशेच्या आत असावेत आणि मालक एकच असावा.

हे शहाणपण नवं नव्हतं. मेव्हनच्या मुख्य भांडारात एकदा ठेवलेलं व्हर्जन तिथेच राहतं. पर्ल भाषेच्या सीपॅन भांडारातून लेखक फाइल काढू शकतो, पण काढलेल्या फाइलींचा वेगळा संग्रह जपलेला असतो. रस्ट भाषेच्या भांडारात व्हर्जन 'मागे घेता' येतं: नवीन कुणाला ते मिळत नाही, पण ज्यांच्या लॉक फाइलमध्ये, म्हणजे प्रकल्पाने पक्क्या केलेल्या व्हर्जनांच्या नोंदीत, ते आधीच आहे त्यांना मिळत राहतं. मला ही तिसरी पद्धत सगळ्यांत नेटकी वाटते. लेखकाचं म्हणणंही राहतं आणि वापरणाऱ्याचं घरही उघडं पडत नाही.

इथे लॉक फाइलबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेसबुकच्या मंडळींनी एनपीएमऐवजी वापरता येणारं, लॉक फाइल बनवणारं यार्न आणलं, २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीत लॉक फाइल आपोआप बनू लागली, आणि 'आता लेफ्ट-पॅड होणार नाही' असं पुष्कळांनी धरून चाललं. लॉक फाइलमध्ये नेमकं व्हर्जन, त्याचा पत्ता आणि त्याचा हॅश, म्हणजे कोड बदलला की बदलणारा ठसा, असतो. मोकळं नाव बळकावणाऱ्यापासून ती वाचवते, कारण हॅश जुळत नाही. पण पत्त्यावर घरच नसेल तर पत्ता नीट लिहून काय उपयोग? त्या पहाटे परिपूर्ण लॉक फाइल असती तरी ४०४ च आलं असतं. त्यासाठी प्रत आपल्याजवळ लागते.

आमच्या टीममध्ये आता सगळी पॅकेजं आमच्याच सर्व्हरवरच्या व्हरडाचिओमधून येतात. ते एकदा मागितलेल्या पॅकेजची प्रत ठेवून घेतं आणि मूळ रजिस्ट्री गप्प झाली तरी देत राहतं. उभं करायला एक दुपार लागली. सर्व्हरवर बिल्ड करताना लॉक फाइलमध्ये जे आहे तेवढंच उतरवणारी आज्ञा वापरतो, नव्या व्हर्जनचा शोध घेणारी नाही. नवं पॅकेज जोडायचं असेल तर जोडणाऱ्याने त्याचा कोड एकदा वाचायचा आणि सांभाळणारे किती जण आहेत ते बघायचं. अकरा ओळींचं असेल तर वाचायला दोन मिनिटं लागतात. वाचल्यावर कधी आम्ही ते घेतो, कधी परवान्याची ओळ ठेवून कोड आमच्यात उतरवून घेतो. ठरीव उत्तर नाही. तारखा आणि वेळ-विभागांचं गणित असेल तर मी कधीच स्वतः लिहू देणार नाही.

नव्या नियमाचाही काच पुढे जाणवला. २०२३ सरता सरता 'एव्हरीथिंग' नावाचं एक पॅकेज आलं, रजिस्ट्रीतल्या सगळ्या पॅकेजांवर अवलंबून असणारं. झालं, प्रत्येक पॅकेजवर कुणीतरी अवलंबून! नियमानुसार कुणालाच आपलं पॅकेज काढता येईना. आठ वर्षांपूर्वी एक जण सगळं काढू शकत होता, आता एकामुळे कुणालाच काही काढता येत नव्हतं. ती गाठ शेवटी माणसांनीच मध्ये पडून सोडवली.

आणि जावास्क्रिप्टला डावीकडे भरण्याची स्वतःची सोय मिळाली, २०१७ च्या मानकात. तिच्यावरचं काम या प्रकरणाच्या आधीपासून चालू होतं. तिच्या नावात 'डावं' नाही, 'आरंभ' आहे, कारण अरबी आणि हिब्रूमध्ये मजकुराचा आरंभ उजवीकडे असतो. लेफ्ट-पॅडच्या पानावर आता सूचना आहे की हे वापरू नका, भाषेतली सोय वापरा. पण पॅकेज जागेवर आहे, ०.०.३ सकट. कुठल्या तरी जुन्या प्रकल्पाच्या यादीत ते अजून लिहिलेलं असतं, आणि मागितलं की मिळतं.